नुसता खेळ

पहलगामच्या वरच्या कुरणातल्या नदीवर दिल्लीच्या साहेबांनी तिसरा ट्राउट पकडला, वाटाड्या सोनाउल्लाकडून तीन बाजूंनी फोटो काढून घेतले आणि मासा परत पाण्यात सोडला. "आम्ही खात नाही रे. नुसता खेळ! त्याला काही दुखत-बिखत नाही."

खायच्या जिनसेशी खेळलं की सोनाउल्लाला आई धपाटा घालायची. पण गिऱ्हाइकापुढे तो एवढंच म्हणाला, "खरंय, जनाब."

साहेबांनी ऐटीत दोरी मागे भिरकावली. वारा फिरला आणि पिसांची खोटी माशी बांधलेला गळ त्यांच्याच ओठात रुतला.

"मेलो! काढ लवकर!"

सोनाउल्लाने एका हाताने त्यांची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने मोबाइल वर केला.

"हलू नका, जनाब. दुखत-बिखत नाही. तीन फोटो काढतो, मग लगेच सोडतो."