उरणच्या रस्त्याला लागली की

“वेग मर्यादित. कृपया परत फिरा,” गाडीच्या स्पीकरमधली बाई पुन्हा म्हणाली आणि समीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तूच फिर, मेले!” ती ओरडली. अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकला तरी गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती. मागून कंटेनरवाले हॉर्न मारून कान किटवत होते. एकानं बाजूनं जाताना आईबहीण काढली.

रोडपालीच्या सासरहून पनवेलच्या बाजारात जायचं तर ही गाडी शहाण्या बाळासारखी पळायची. उरणच्या रस्त्याला लागली की हिच्या अंगात यायचं. टूंटूं काय करायची, मोकळ्या रस्त्यात ब्रेक काय मारायची, स्टिअरिंग हातातून ओढून काय घ्यायची. म्हणे ड्रायव्हरला मदत! जळो असली मदत.

मागच्या सीटवर कपड्यांची बॅग होती. समीक्षा आज माहेरी, उरणला, निघाली होती, ती कायमची. काल तिच्या नवऱ्यानं, केतननं, पुन्हा हात उचलला होता. गेल्या खेपेला ती रिक्षानं गेली, तेव्हा बाबांनी पोटभर जेवू घातलं, समजूत काढली आणि संध्याकाळी स्वतः आणून सोडलं. या खेपेला ती हलणार नव्हती.

तिनं बाबांना फोन लावला. “बाबा, परत अडली हो गाडी!”

“अगं बाय, यंत्र हाय ते, बिगडायचंच,” तिचे बाबा काशिराम म्हणाले. “ट्रेलरची वर्दळ हाय तिकडं. आज नको येऊस. घरी जा, निवांत बोलू.”

रिक्षा करून जाता आलं असतं. पण लग्नात बापानं हौसेनं दिलेली गाडी त्या केतनच्या दारात का म्हणून सोडायची? तिनं दात-ओठ खात गाडी वळवली आणि थेट कळंबोलीच्या सर्व्हिस सेंटरात घातली.

तिथल्या मिथुननं लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघितलं.

“गाडीत बिघाड नाही, मॅडम. मालकाच्या मोबाइलवरून हद्द घातलीय. उरणच्या बाजूला गेलात की वेग आपोआप उतरतो, बाकीचं सगळं कडक होतं.”

समीक्षाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केतन! गाडी घरी आली त्या दिवशी मोबाइल घेऊन तासभर तोच आत बसला होता. बायको सुटून जाऊ नये म्हणून दावं बांधलं होतं मेल्यानं. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि ती बिचारी कंपनीला शिव्या घालत बसली.

“काढ ते. आत्ताच्या आत्ता!”

“मालकाला रिक्वेस्ट जाते. त्यांनी मोबाइलवर हो केलं की लगेच निघतं.”

“पाठव. बघतेच कसा नाही म्हणतो ते.”

तिनं पुन्हा बाबांना फोन लावला.

“बाबा, चोर सापडला! केतननंच मोबाइलवरून गाडी बांधून ठेवलीय. मी येतेय. आज मला कोन अडवत नाय. तुमी फक्त दार उघडं ठेवा.”

मिथुननं बटण दाबलं.

फोनमध्ये, पलीकडे, टिंग वाजलं.

“थांब हां बाय,” बाबा म्हणाले. “मोबाइलवर कायतरी आलंय.”

ती फोन कानाला लावून उभी राहिली. मिथुननं लॅपटॉपवरून मान वर केली.

“मॅडम, मालक नाही म्हणाले.”