शेवटचा रकाना

दुपारची जेवणं आटोपली तशी मधली लॅपटॉप घेऊन टेबलाशीच बसली. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं ठेवलं होतं, आईने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

आईचं सगळं फोनवरच्या एका ॲपमध्ये नोंदवायचं, हे दादानेच सुरू केलं होतं. औषध दिलं, अंग पुसलं, कूस बदलली. जो करेल त्याने आपल्या फोनवरून खूण करायची. ॲपमध्ये तिघा भावंडांची नावंही घरातलीच होती: दादा, मधली, धाकटी. दर दिवसाची एक फाइल तयार व्हायची, कंसांनी आणि अवतरणचिन्हांनी बुजबुजलेली.

आता आईला आळीपाळीने सांभाळू या, असं मधलीने सुचवलं तेव्हा दादा म्हणाला होता, "आपण सगळेच करतोय गं. त्या फायली एक्सेलमध्ये घालून पाठव. कोणावर किती पडतंय ते बघू, मग ठरवू."

तिचं तर पोटापाण्याचं कामच ते. छोटासा प्रोग्रॅम लिहायचा. फाइल उघड, तारीख घे, काम घे, कोणी केलं ते घे, एका ओळीत मांड, पुढची फाइल उघड. डोळ्यांवर झापड येत होती, तरी चहा निवायच्या आत लिहून झाला. तिने तो चालवला आणि तक्ता उघडला.

तारखा बरोबर. कामं बरोबर. शेवटच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच शब्द. मधली, मधली, मधली.

"झालं," ती पुटपुटली. पहिल्या फाइलमधलं नाव अडकून बसलंय आणि तेच खाली उतरतंय. ऑफिसात नव्या पोरांना ती याच चुकीवरून बोलायची. तिने दोन ओळी बदलल्या, प्रोग्रॅम परत चालवला. परत मधली.

मग तिने मूळ फायलीच उघडायला घेतल्या. आधी धाकटी राहायला आली होती त्या आठवड्याच्या. धाकटी आली होती खरी, आईजवळ बसून फोटोही काढले होते. औषधापुढे मधली. कूस बदलली त्यापुढे मधली. चूक प्रोग्रॅमचीच निघावी असं तिला मनापासून वाटत होतं, पण ती काही निघेना.

आतून हाक आली. तिने जाऊन आईची कूस बदलली, पाठीशी उशी लावली.

"सुट्टीच्या दिवशी कसलं गं काम?" आईने विचारलं.

"चूक शोधतेय."

"सापडली?"

"नाही." पांघरूण सारखं करताना तिला रडावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

बाहेर येऊन तिने तक्ता दादाला पाठवून दिला. थोड्याच वेळात त्याचा फोन आला.

"अगं, शेवटच्या रकान्यात काहीतरी घोळ झालाय. सगळीकडे तूच दिसतेस. परत एकदा चालवून बघ."

"बघितला, दादा. प्रोग्रॅम नीट आहे." तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला आणि मघाशी बदललेल्या कुशीची खूण केली. "तरी शंका असेल तर एक कर. शनिवारी ये, इथे राहा, आईची कूस बदल. दुसरं नाव येतंय का ते बघू."