मीठ पांढरंच राहिलं

नर्स विविकने बशीतल्या मिठावर औषधाचा थेंब टाकला. तुकिनेम आणि तिची सून रस्मिना वाकून बघत राहिल्या. थेंब मुरला. मीठ पांढरंच राहिलं.

"जांभळं व्हायला हवं होतं," नर्स तुकिनेमला म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला इथे सगळे 'बू' म्हणत. "यात आयोडीन नाही, बू. ते नसलं की गलगंड होतो. आणि आता सुनेला दिवस गेलेत. पोटातल्या बाळालाही ते लागतं."

रस्मिनाने गळ्यावरचा रुमाल सारखा केला. लग्न होऊन या डोंगरात आली तेव्हा तिचा गळा सपाट होता. गाठ दिसू लागली तशी तुकिनेम येताजाता म्हणायची, "माहेरचंच काहीतरी घेऊन आलीय." तुकिनेमच्या स्वतःच्या गळ्यालाही गाठ होती, पण म्हातारीच्या गळ्याकडे कोण बघतं!

आज मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळला. खालची आळी याच झऱ्याचं पाणी पिते, हाच मका, हाच कोबी खाते. त्यांचे गळे साफ. आपल्या आळीत दर दुसरा गळा फुगलेला. असं कसं?

"दार्सोनो!" ती एकदम उठली. "मेला आपल्याला हलकं मीठ विकतोय!"

मिठाचा डबा काखोटीला मारून ती तरातरा त्याच्या दुकानात गेली. मागोमाग या दोघी.

"काय रे, आमच्या आळीला वेगळं पोतं ठेवलंयस?"

"काहीतरीच काय, बू! गावाला पोतं एकच," दार्सोनो म्हणाला आणि त्याने पोतं पुढे ओढलं.

नर्सने थेंब टाकला. मीठ वांग्यासारखं जांभळं झालं. तुकिनेमच्या डब्यात टाकला. पांढरंच.

दार्सोनोने डोकं खाजवलं. "बू, घरी नेऊन याचं करता तरी काय?"

"करणार काय? कचरा असतो तुझ्या खडेमिठात. तीन पाण्यांत धुते, उन्हात वाळवते. असं स्वच्छ मीठ उभ्या गावात सापडायचं नाही!"

"बू," नर्स हळूच म्हणाली, "आयोडीन त्या पाण्याबरोबरच जातं."

तुकिनेमने जांभळ्या डागाकडे बघितलं. मग पायऱ्या उतरून घराच्या उलट्या दिशेने चालू लागली.

"आई, घर इकडे आहे!" रस्मिना ओरडली.

"तू हो पुढे, बाळ. त्या पोत्यातलं मीठ घेऊन जा, अन् धुऊ नकोस. मला आळीतलं दार न् दार ठोठावायचंय. मीठ धुवायला मीच शिकवलंय सगळ्यांना."