एकसष्टावा कोलाच

साठ कोलाच गेले आणि फळीवर एक उरला.

स्मिल्काला आधी वाटलं, कुणीतरी न्यायला विसरलं. पण संत निकोलाचा दिवस, निम्म्या गावाचा कुळाचार, त्या दिवशी सणाचा गोल पाव विसरणार कोण? ती काल संध्याकाळपासून ओव्हनपुढं उभी होती. पाय सुजून चपलेबाहेर आलेले, केसांत पीठ, आणि डोळे असे, की मिटले तर पुन्हा उघडायचे नाहीत. तिनं यादी वरून खाली परत वाचली. साठ नावं, साठ खुणा.

"देसाताई, हा कुणाचा गं राहिला?"

तिची नणंद देसांका परात घासत होती. हात न पुसताच आली, वाकून बघितलं आणि ओल्या हातानंच छातीवर क्रूस काढला.

कोलाचवर बाकी सगळं नेहमीचंच होतं. मधोमध लाकडी शिक्क्याचा क्रूस, कडेनं वेणी. पण वेणीवर कणकेचा एक पक्षी बसला होता, डोळ्याच्या जागी लवंग. गावात कुणी कणसं मागतं, कुणी द्राक्षं, कुणी होडी. पक्षी एकाच घरात व्हायचा. स्मिल्काचा मुलगा ओग्न्येन पाच वर्षांचा असताना त्यासाठी रडून लाल झाला होता, तेव्हापासून.

"हा तुझा," देसांका म्हणाली.

"मी नाही केला."

"मग काय संत निकोला येऊन मळून गेला? आणि लवंगेचा डबासुद्धा त्याला सापडला, नाही का!"

"झोपेत झाला असेल हातून. तू देऊन टाक कुणाला तरी. मी दार लावते आणि पडते."

"आज दार लावतेस? आजच्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं आणि कुणाला हाकलायचं नसतं. एवढं तरी माझ्या माहेरचं ठेव."

"ते सण असलेल्या घरात, ताई. माझ्या घरात आहे कोण?"

देसांकाचा भाऊ, स्मिल्काचा नवरा, तो आधी गेला. मग भाचा ओग्न्येन. त्याला तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षं या घरचा स्वतःचा कोलाच झालाच नव्हता.

तेवढ्यात फादर वेल्को आले. आले म्हणजे काय, दारातून आत पडलेच म्हणा ना! पहाटेपासून घरोघर प्रार्थना करत फिरत होते.

"बावीस घरं झाली, अजून एकोणीस," ते पिठाच्या पोत्यावर बसत म्हणाले. "पाव कापून कापून मनगट सुजलंय, बघा. कॉफी द्या कुणीतरी, नाहीतर मलाच पुरावं लागेल."

असंच एक पोतं त्यांनी तीन वर्षांपूर्वी स्मिल्काच्या दारात आणून टाकलं होतं. 'प्रार्थना होत नाही म्हणतेस? मग कणीक मळ. देवाला तेही कळतं.' ती चिडूनच मळायला लागली, आणि मळतच सुटली. एकाचे दोन ओव्हन झाले, दारावर पाटी लागली, शेजारच्या गावातून लोक यायला लागले. सगळे म्हणायचे, स्मिल्का सावरली. सावरली होतीच. फक्त आजच्या दिवशी सगळ्यांचे कोलाच देऊन झाले, की ती रिकाम्या फळीकडं पाठ करून झोपायची.

फादरनी कॉफीचा घोट घेतला. मग त्यांना पक्षी दिसला. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "वाइन आहे का?"

"नाही," स्मिल्का म्हणाली.

"आहे," देसांका म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढली. "तीन वर्षं हीच आणतेय आणि हीच परत नेतेय. नवऱ्याला वाटतं मी चोरून पिते."

"मी फार दमलेय हो, फादर."

"मीपण. दमलेल्यांनी करू नये असं कुठं लिहिलंय?"

त्यांनी मेणबत्ती पिठाच्या वाटीत रोवली. प्रार्थना म्हणताना मध्येच त्यांना जांभई आली. ती गिळून ते पुढं म्हणत राहिले. मग कोलाच उलटा करून खालून क्रूससारखा छेद दिला, त्यात वाइन ओतली, आणि सुलटा करून तिघांच्या मधे धरला. रीतच तशी, घरातल्या सगळ्यांनी धरायचा आणि गोल फिरवायचा.

फिरेचना.

फादरनी जोर लावला, देसांकानं लावला. कोलाच जागचा हलेना. स्मिल्काची बोटं त्यात रुतली होती, पक्ष्याच्या दोन्ही बाजूंना.

"सैल सोड, पोरी," फादर हळूच म्हणाले. "मोडेल तो. नुसता हात लाव."

"सोडला तर पडेल."

"आम्ही धरलाय ना."

मेणबत्ती एका बाजूनं ओघळली. मग एक बोट सुटलं, दुसरं सुटलं, आणि कोलाच इंचभर सरकला. पक्षी स्मिल्कासमोरून निघाला, देसांकाकडं.

दारावरची घंटी वाजली. कुणीतरी अनोळखी ट्रकवाला, थंडीनं नाक लाल झालेला, टोपी हातात घेऊन उंबऱ्यातच थांबला.

"माफ करा हं. दुकान उघडं आहे ना? एखादा पाव मिळेल?"

स्मिल्कानं मान वळवली नाही. कोलाचवरचा हातही काढला नाही. ती पाऊलभर सरकली, आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली.

"हात धुवून ये," ती म्हणाली.