पुढचं पान

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आपलं राज्य आलं. आणि दुसऱ्याच सुगीला सक्तीच्या धान्यवसुलीविरुद्ध पाचोडच्या बाजारात बोलले म्हणून काकासाहेबांना पोलिसांनी उचललं. त्यांची बायको भागूबाई तडक औरंगाबादला, आता सरकारात मोठ्या जागेवर असलेल्या व्यंकटरावांच्या बंगल्यावर गेली. नवऱ्याच्या सुटकेचा हुकूम आता त्यांच्याच हातात होता. निजामाच्या तुरुंगात काकासाहेब आणि व्यंकटराव एकाच कोठडीत होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या इतिहासाचं पुस्तक व्यंकटरावांनीच काकासाहेबांना तिथं वाचून दाखवलं होतं.

"भाऊजी, नुसतं बोलल्यापायी माणसाला कोंडायचं नाय, असं त्या अमेरिकेच्या पुढाऱ्यांनी लिहून ठेवलंय म्हणं. तुरुंगातून आल्यापासून हे लेकरांना तेच सांगत्यात."

"लिहिलं खरं, वहिनी. पण राज्य हाती आल्यावर सरकारला नावं ठेवणाऱ्यांना त्यांनीसुद्धा तुरुंगात घातलं. राज्य चालवायचं तर कधी कधी मन घट्ट करावं लागतं. त्याच पुस्तकात पुढं आहे ते."

"मग तेवढं पान यांना का नाय वाचून दाखवलं?"



"तेव्हा आम्ही दोघंही आत होतो, वहिनी."