एकतिसावे अक्षर

“यंदा दार उघडंच ठेवा,” शुनकाई म्हणाले, आणि कुराताचा चहाचा पेला ओठांपाशीच थांबला.

गावाचा प्रमुख म्हणून कुराता दर डिसेंबरअखेर मंदिरात येई आणि दोन जानेवारीच्या अक्षराची तयारी विचारून जाई. तयारी ठरलेली असे. चटईएवढा कागद, मनगटाएवढा कुंचला आणि बंद दार. आत फक्त मंदिराचे गुरुजी शुनकाई आणि शाई घोटायला त्यांची पत्नी इत्सुए. बाहेर पायऱ्यांवर, बर्फात, सारे गाव. मग दार उघडे आणि एका अख्ख्या शब्दाचे ते ओले, काळेभोर जपानी अक्षर प्रकाशात येई. येत्या वर्षाने कोणत्या शब्दाचे बोट धरून चालायचे, ते सांगणारे. कागदाच्या कोपऱ्यात इत्सुए एक लहानसा तांबडा शिक्का उमटवी. त्यावरची प्राचीन लिपीची वळणे गावात कुणालाच वाचता येत नसत. वाचण्याची गरजही कुणाला भासली नव्हती.

“तीस वर्षांत तुम्हाला लिहिताना कुणी पाहिलं नाही, गुरुजी,” कुराता म्हणाला. “माझी आई म्हणायची, त्या वेळी आत बुद्ध येऊन बसतो.”

“तिसरं कुणी नसतं, एवढं मी सांगू शकतो.”

इत्सुएने डाव्या हाताने लोणच्याची बशी पुढे केली. उजवे मनगट प्लास्टरमध्ये होते. नोव्हेंबरात वाळत टाकलेली पर्सिमॉनची फळे उतरवताना ती शिडीवरून घसरली होती. बोटे पूर्वीसारखी मिटणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

“वहिनी, शिडीवर चढायचं वय आहे का तुमचं?” कुराता म्हणाला. “तरी नशीब, तुमचाच मोडला. गुरुजींचा मोडला असता, तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?”

इत्सुए हसली. “खरंय. माझं काय, शाई डाव्या हातानंही घोटता येते.”

शुनकाई हसले नाहीत.

कुराताने पेला खाली ठेवला. त्याचा आवाज उतरला. शरदात नदी गावात शिरली होती. चिखल निघाला, पण सात कुटुंबे अजून शहरात, नातेवाइकांच्या दारी होती. परतावे की नाही, हे त्यांचे ठरत नव्हते.

“सातही कुटुंबं दोन तारखेला येणार आहेत. शब्द पाहून ठरवू म्हणतात. हसू नका. ‘उंबरा’ लिहिलात त्या वर्षी माझा पोरगा घरी आला. ‘धीर’च्या वर्षी बायकोचं दुखणं उतरलं. आमच्या घरात अजून तुमच्या अक्षरांची नावं घेऊन वर्षं मोजतात.”

जाताना त्याला न्हाणीच्या चुलीपाशी वर्तमानपत्रांचा ढीग दिसला. प्रत्येक पान शाईने काळे झालेले.

“अजून सराव करता, गुरुजी?”

“यंदा जरा जास्त लागतोय.”

या नम्रतेपुढे कुराता नेहमीपेक्षा खोल वाकला आणि गेला.

दार लागताच इत्सुए म्हणाली, “अहो, ताप आलाय म्हणून सांगा.”

“मग ती सात घरं जातील.”

“आणि लोक हसले म्हणजे? तीस वर्षांच्या नावावर पाणी पडेल तुमच्या.”

“तीस वर्षं नमस्कारच घेतले मी. हसायचंच राहिलंय त्यांचं.”

ती बराच वेळ चुलीत पाने सारत राहिली. शाईने भिजून वाळलेला कागद सावकाश जळतो. एकेक रेघ आधी उजळते आणि मगच विझते.

“शब्द तरी सांगा.”

“साधा आहे. चार रेघांचा.”

दोन तारखेला बर्फ थांबला होता. दारे सताड उघडली गेली. चपला काढून पहिल्या रांगेत बसलेल्या तोयो आजी मोठ्याने म्हणाल्या, “बुद्धाला जागा ठेवा रे थोडी.” सात कुटुंबे मागे, खांबांपाशी, पाहुण्यांसारखी उभी राहिली.

इत्सुए डाव्या हाताने शाई घोटत होती. सावकाश, जणू वेळच गोल फिरवीत होती. शुनकाईंनी बाह्या बांधल्या आणि कुंचला उचलला.

पहिली रेघ तिरपी उतरली. दुसरी आडवी, कशीबशी. तिसरी दुसरीला सोडून भरकटली. चौथी वरून सरळ कोसळायला हवी होती. ती मध्येच वाकली, आणि शाईचा एक टपोरा थेंब कागदावर पडला.

“‘हात’,” तोयो आजींनी वाचले. “वाकडा आहे. पण हातच आहे.”

कुणीतरी हसले, आणि लगेच थांबले. शरदातली ती रांग एकाच वेळी सगळ्यांना आठवली असावी. नदीपासून याच पायऱ्यांपर्यंत माणसे उभी, चिखलाच्या बादल्या पुढे सरकताहेत, आणि अंधारून आल्यावर कुणाच्या हातातून कुणाच्या हातात, ते कळेनासे झालेले.

खांबापाशी उभा असलेला मिझोगुची आपल्या तळव्यांकडे पाहत होता.

“वसंतात माझं छप्पर घालायला चार माणसं लागतील,” तो कुराताला म्हणाला.

“आठ देतो. चौघं नुसती जेवायला.”

आता मात्र सगळेच हसले. मागची माणसे एकेक करून पुढे सरकली आणि इतरांत मिसळून बसली.

कुराताचे डोळे भरून आले होते. “वय झालं हो गुरुजींचं,” तो आजींच्या कानाशी पुटपुटला, “तरी आमच्यासाठी लिहिलं.” इत्सुएला त्रास नको, म्हणून त्याने स्वतःच पेटीतून शिक्का काढला, तांबड्या शाईत दाबला आणि दोन्ही हातांनी शुनकाईंपुढे धरला.

शुनकाईंनी शिक्का घेतला. बाहीने पुसला. मग तो इत्सुएच्या डाव्या तळहातावर ठेवून त्यांनी तिची बोटे मिटली, आणि सगळ्या गावादेखत तिच्यापुढे कपाळ चटईला टेकवले.

“आज शिक्का नको,” ते कुराताला म्हणाले. “तो हिच्या नावाचा आहे. हे अक्षर मी लिहिलंय.”