भूपालची सायकल

"सायकल परत मागायला आलोय," भूपाल दारातच ओशाळून म्हणाला.

दार उघडलं होतं गिरणीच्या रंगखात्यातल्या त्याच्या जोडीदाराने, इस्माईलने. मागच्या दिवाळीत दवाखान्यातल्या यंत्राने भूपालच्या रक्तातल्या खुणा वाचून त्याला एक वर्ष दिलं होतं. मूत्राशयाच्या कॅन्सरबाबत ते यंत्र सहसा चुकत नसे, म्हणून भूपालने आपलं सगळं वाटून टाकलं. नव्या औषधानंतर आज त्याच यंत्राने सतरा वर्षं सांगितली होती.

इस्माईलने सायकल बाहेर काढली. भूपाल सीटवर बसला आणि चकित झाला. एवढ्या उंच सीटवरून बुटक्या इस्माईलचे पाय पायडलला पोचणं शक्यच नव्हतं.

"सीट खाली घेतली नाहीस व्हय?"

"कशाला?" इस्माईल म्हणाला. "तू आल्यावर परत वर करायला लागली असती."